छोट्या नेटवर्क उपकरणांसाठी टूलकिट कसं निवडाल?

पाण्याच्या टाकीची पातळी मोबाइलवर दाखवणारं यंत्र, विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू-बंद करणारा कंट्रोलर, पॉलिहाउसमधलं तापमान नोंदवणारा डबा, कारखान्यात मशिनचे तास मोजणारं मीटर. असं काही बनवायला घेतलेल्या वाचकांची पत्रं सतत येतात. त्यांत डिप्लोमाचे विद्यार्थी असतात, पॅनेल वायरिंग करणारे इलेक्ट्रिशियन असतात, नोकरी सांभाळून स्वतःचं उत्पादन उभं करू पाहणारे इंजिनीअर असतात. बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलेलं असतं. ‘ईएसपी-३२ बोर्ड घेतलाय. आता आर्डुइनो वापरू की आयडीएफ? मायक्रोपायथॉनवर बनवलेलं उत्पादन विकता येईल का? झेफर शिकायलाच हवं का?’

सगळ्यांना लागू पडेल असं एक नाव सांगता येत नाही, पण निवडायचं कसं ते नक्की सांगता येतं. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चार-पाचशे रुपयांत बोर्ड मिळतो आणि त्याच संध्याकाळी तो वायफायला जोडताही येतो. तिथवर कोणतंही टूलकिट तुम्हाला पोचवतं. फरक पडतो तो उपकरण गिऱ्हाइकाच्या विहिरीवर बसल्यानंतर. दोन वर्षांनी कोडमध्ये दोष सापडला, सर्व्हरचं प्रमाणपत्र बदललं, गिऱ्हाइकाने नवा राउटर आणला, तर तुम्ही काय करणार आहात? याचं उत्तर ज्या टूलकिटमध्ये तुम्हाला नीट देता येईल, ते तुमचं टूलकिट.

बोर्ड जोडण्याआधी कागदावर लिहा

- उपकरणं किती बनणार? घरापुरतं एक, ओळखीच्या शेतकऱ्यांसाठी पंचवीस, की बाजारात हजार?
- वीज कुठून मिळणार? वीज मंडळाच्या लाइनवर, सौर पॅनेलवर की बॅटरीवर?
- जोडणी कशी? वायफाय, ब्लूटूथ, लोरा की सिमकार्ड?
- बसवल्यानंतर बिघाड झाला तर तिथं कोण जाणार, आणि जायला किती वेळ लागणार?

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच सगळ्यांत कमी विचारला जातो. उपकरण तुमच्याच गच्चीवर असेल तर लॅपटॉप घेऊन वर जाता येतं. ते साठ किलोमीटरवर कुणाच्या शेतात असेल तर प्रत्येक फेरीचा खर्च उपकरणाच्या किमतीएवढा होतो.

पर्याय कोणते, कुणासाठी

ईएसपीहोम आणि टास्मोटा. घरापुरती एक-दोन उपकरणं हवी असतील तर कोड लिहायच्या भानगडीत पडू नका. ईएसपीहोममध्ये कोणत्या पिनला कोणता सेन्सर जोडला आहे एवढं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं, फर्मवेअर ते स्वतः तयार करतं. होम असिस्टंटशी त्याची जोडणी सहज होते आणि वायफायवरून अपडेट टाकायची सोय तयारच असते. टास्मोटा तर तयार फर्मवेअरच आहे. ते बोर्डात भरायचं आणि ब्राउझरमधून बाकीची मांडणी करायची. ‘हे शिकाऊ लोकांचं’ म्हणून त्याकडे पाठ फिरवू नका. घरगुती गरजेसाठी हे पर्याय हाताने लिहिलेल्या कोडपेक्षा बहुधा जास्त भरवशाचे ठरतात.

मायक्रोपायथॉन. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून उभा केलेला हा प्रकल्प आज ईएसपी-३२वर आणि रास्पबेरी पाय पिको डब्ल्यूवर उत्तम चालतो. सेन्सर तपासणं, कल्पना पडताळून पाहणं, कॉलेजचा प्रकल्प यांसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. ओळ लिहिली की बोर्ड लगेच उत्तर देतो. विकायच्या वस्तूत मात्र दोन गोष्टी पाहा. एक, मेमरी. ईएसपी-३२मध्ये रॅम ५२० केबी असते, पिको डब्ल्यूमध्ये २६४ केबी. भाषेचा स्वतःचा वाटा आणि सुरक्षित जोडणीचा वाटा गेला की उरतं ते मोजकंच. दोन, बोर्ड यूएसबीला जोडला की त्यातल्या पायथॉनच्या फाइली कुणालाही वाचता येतात. कोड फर्मवेअरमध्येच गोठवून टाकायची सोय आहे, विक्रीचा विचार असेल तर ती आधी शिकून घ्या.

आर्डुइनो. तुमच्यापैकी बहुतेक जण इथंच आहात आणि पंचवीस-पन्नास उपकरणांसाठी इथं असण्यात काही गैर नाही. लायब्ररी भरपूर, मदत भरपूर. ईएसपी-३२वरचं आर्डुइनो हे मुळात एस्प्रेसिफ कंपनीच्या आयडीएफवरच उभं आहे, त्यामुळे खालची ताकद तीच असते. अडचण येते ती आवृत्त्यांची. २०२४ मध्ये ईएसपी-३२च्या आर्डुइनोची ३.० आवृत्ती आली आणि त्यात पीडब्ल्यूएम व टायमरची फंक्शनं बदलली. जुन्या व्हिडिओंमधला कोड आज कंपाइल होत नाही याचं कारण बहुधा हेच असतं, तुमची काही चूक नसते. त्यात भर म्हणजे प्लॅटफॉर्मआयओच्या मूळ पॅकेजात ईएसपी-३२चं आर्डुइनो २च्या मालिकेवर थांबलं. ३ची मालिका हवी असेल तर पायोआर्डुइनो हा वेगळा, स्वयंसेवकांनी चालवलेला पर्याय घ्यावा लागतो.

म्हणून प्रकल्प सुरू करतानाच कोर आणि प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती ठरवून लिहून ठेवा. प्लॅटफॉर्मआयओ वापरत असाल तर आयएनआय फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा बांधून टाका. ‘अपडेट उपलब्ध’ असं दिसलं म्हणून चालू उत्पादनाच्या मध्येच बटण दाबू नका.

ईएसपी-आयडीएफ. शंभराच्या पुढे उपकरणं जाणार असतील, किंवा ती हाताबाहेरच्या अंतरावर बसणार असतील, तर माझा सल्ला सरळ आहे. आयडीएफ शिका. दूरस्थ अपडेट फसला तर जुन्या फर्मवेअरवर परत जाणं, फर्मवेअरवर सही, फ्लॅशचं एन्क्रिप्शन, वायफायचा पासवर्ड मोबाइलवरून सुरक्षितपणे भरून घेणं, हे सगळं इथं एकाच जागी आणि कंपनीच्या पाठबळाने मिळतं. प्रत्येक स्थिर आवृत्तीला ३० महिने आधार मिळतो, म्हणजे पुढच्या स्थलांतराचं वेळापत्रक तुम्हाला आधीच आखता येतं. सगळं एकदम बदलायचीही गरज नाही. आर्डुइनो हा आयडीएफचा एक घटक म्हणून जोडता येतो. जुना कोड तसाच ठेवून एकेक भाग आयडीएफच्या पद्धतीने लिहीत गेलात की काम बंद न पडता बदल होतो.

झेफर. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१६ पासून चाललेली ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम शेकडो बोर्डांवर चालते. उद्या चिपचा तुटवडा झाला आणि दुसऱ्या कंपनीची चिप घ्यावी लागली तर कोडचा मोठा भाग टिकतो, हा तिचा मुख्य फायदा. नॉर्वेच्या नॉर्डिक कंपनीची ब्लूटूथ चिप घेणार असाल तर निवड करायची उरतच नाही, त्यांचं सध्याचं टूलकिट झेफरवरच बांधलेलं आहे. पण डिव्हाइस-ट्री, के-कॉन्फिग, वेस्ट हे सगळं समजेपर्यंत बरेच आठवडे जातात. एकट्या माणसाने, एकाच चिपसाठी, पहिल्याच उत्पादनाला झेफर घेऊ नये असं मला वाटतं.

एम्बेड ओएस. जुन्या पुस्तकांत आणि काही अभ्यासक्रमांत याचं नाव अजून दिसतं. आर्म कंपनीने जुलै २०२६ मध्ये एम्बेड बंद करण्याचं २०२४ मध्येच जाहीर केलं. नवं काम त्यावर सुरू करू नका.

पहिल्याच आवृत्तीत असायला हव्यात अशा गोष्टी

टूलकिट कोणतंही घ्या, पुढच्या गोष्टी ‘नंतर घालू’ म्हणून ठेवू नका. यांतल्या काही नंतर घालताच येत नाहीत.

दूरस्थ अपडेटसाठी जागा. फ्लॅशमध्ये फर्मवेअरच्या दोन जागा लागतात. एकीवरून उपकरण चालतं, दुसरीत नवं फर्मवेअर उतरतं. ४ एमबीच्या बोर्डावर आर्डुइनोच्या नेहमीच्या वाटणीत प्रत्येक जागेला सव्वा एमबी मिळतो. सुरुवातीला तो भरपूर वाटतो, ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही घातले की संपतो. ही वाटणी उपकरण शेतात गेल्यावर दुरून बदलणं धोक्याचं असतं, म्हणून ती पहिल्या दिवशीच विचार करून ठरवा. आणि नवं फर्मवेअर चालू झाल्यावर सर्व्हरशी बोलू शकलं तरच त्याला ‘ठीक’ म्हणा, नाहीतर उपकरणाने आपोआप जुन्यावर परतावं, अशी मांडणी करा.

लाइट गेल्यावर आणि आल्यावर. आपल्याकडे ही रोजची गोष्ट आहे, म्हणून इथं थोडा वेळ देतो. लाइट आली की तुमचं उपकरण दोन-तीन सेकंदांत उठतं, राउटरला मात्र मिनिट-दोन मिनिटं लागतात. पहिल्या अपयशानंतर प्रयत्न सोडून देणारा कोड गावाकडे रोज बंद पडलेला दिसेल, आणि गिऱ्हाईक म्हणेल, ‘तुमचं यंत्रच खराब आहे.’ जोडणीचा प्रयत्न कायम चालू ठेवा, दर वेळी थांबायचा काळ थोडा वाढवा आणि त्यात थोडी अनियमितता घाला. नाहीतर एका फीडरवरची सगळी उपकरणं एकाच क्षणी तुमच्या सर्व्हरवर तुटून पडतील. जोडणी होईपर्यंतच्या नोंदी फ्लॅशमध्ये साठवा, पण दर सेकंदाला लिहू नका. फ्लॅशचा तोच भाग ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो.

मोटरची सुरक्षा नेटवर्कवर सोपवू नका. ड्राय रन, ओव्हरलोड आणि फेज गेल्यावर मोटर बंद होणं हे स्टार्टरमधल्या रिलेनं किंवा उपकरणातल्या स्थानिक कोडनं व्हायला हवं. मोबाइलवरून आलेला ‘बंद’चा आदेश ही सोय आहे, ते संरक्षण नव्हे. बोर्ड रीसेट होताना रिले क्षणभर ओढला जातो का, ते मोटर न जोडता तपासा. आणि मोटरजवळ माणूस काम करत असेल तेव्हा दुरून आलेला ‘चालू’चा आदेश हाताने रोखता येईल असा स्विच पॅनेलवर बसवाच. ही गोष्ट मी ऐच्छिक मानत नाही.

पासवर्ड. सगळ्या उपकरणांना एकच पासवर्ड देऊ नका. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने कारखान्यातूनच ठरलेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. प्रत्येक उपकरणाला वेगळी ओळख द्या, तिचं लेबल डब्याच्या आत चिकटवा. एमक्यूटीटी वापरत असाल तर १८८३ पोर्टवरची उघडी जोडणी फक्त टेबलावर चालवा. बाहेर पडताना ८८८३ आणि टीएलएस.

घड्याळ आणि प्रमाणपत्र. टीएलएसची तपासणी वेळेवर अवलंबून असते. बोर्ड चालू झाल्यावर त्याचं घड्याळ १९७० मध्ये असतं, म्हणून आधी एसएनटीपीने वेळ घ्या, मग जोडा. जोडणी होत नाही म्हणून प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणारी ओळ पुष्कळ नमुना कोडमध्ये असते. ती राहिली तर कुलूप असून दार उघडं. शिवाय बोर्डात ठेवलेलं मूळ प्रमाणपत्रही कधीतरी संपतं. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं तेव्हा जगभरातली कितीतरी जुनी उपकरणं सर्व्हरशी बोलेनाशी झाली. प्रमाणपत्र अपडेटमधून बदलता येईल अशा जागी ठेवा.

‘कोड बरोबर आहे, तरी चालत नाही’

मूळ ईएसपी-३२वर पुढची कारणं वारंवार भेटतात. कोड उलटापालटा करण्याआधी ही पाहा:

- वायफाय चालू असताना एडीसी-२च्या पिनांवर अॅनालॉग वाचन होत नाही. सेन्सर एडीसी-१वर, म्हणजे ३२ ते ३९ मधल्या पिनांवर घ्या.
- पिन ६ ते ११ फ्लॅशला जोडलेल्या असतात, त्यांना हात लावू नका.
- पिन ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुल-अप नाही.
- पिन १२ चालू होताना वर ओढलेली असेल तर बोर्ड सुरूच होत नाही.
- पिन ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडू नका.
- चिप २.४ गिगाहर्ट्झच ऐकते. गिऱ्हाइकाचा राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असेल तर तो तिला दिसणारच नाही.

बॅटरीवाल्यांची तक्रार वेगळी असते. ‘डेटाशीटमध्ये गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअर लिहिलंय, मग बॅटरी महिनाभरही का टिकत नाही?’ तो आकडा चिपचा आहे, डेव्हलपमेंट बोर्डाचा नाही. स्वस्त बोर्डांवर असणारा १११७ जातीचा रेग्युलेटर एकटाच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. २५०० मिलिअँपिअर-तासांची सेल घेतली तर ५०० तास, म्हणजे जेमतेम एकवीस दिवस, आणि तेही सेन्सरने काहीच खाल्लं नाही असं धरून. टूलकिट बदलून हे सुटत नाही. कमी गळतीचा रेग्युलेटर असलेला बोर्ड घ्या किंवा नुसतं मॉड्यूल घेऊन स्वतःचा बोर्ड काढा.

रेडिओ घेताना

लोरा मॉड्यूल ऑनलाइन मागवताना फ्रिक्वेन्सी पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. भारतात परवान्याशिवाय वापरता येणारा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. २००५ मध्ये तो ८६७ पर्यंत होता, २०२१च्या नियमांनी ८६८ पर्यंत वाढला. अमेरिकेसाठीचं ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल इथं चालवायचं नाही. युरोपसाठीचं ८६८चं मॉड्यूल बहुधा आपल्या पट्ट्यावर लावता येतं, पण नमुना कोडमधल्या ८६८.१, ८६८.३, ८६८.५ या वाहिन्या आपल्या हद्दीबाहेर पडतात. लोरावॅन वापरत असाल तर प्रदेश म्हणून ‘आयएन-८६५’ निवडा.

सिमवर चालणारं उपकरण करत असाल तर सिम-८०० हे २जी मॉड्यूल आहे आणि जिओकडे २जी नाही, हे लक्षात असू द्या. नव्या कामाला ४जी मॉड्यूलच घ्या.

वायरलेस उपकरण विकायचं असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता लागते. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. मॉड्यूल विकणाऱ्याकडे त्या मॉड्यूलचं ईटीए प्रमाणपत्र मागा. देता येत नसेल तर दुसरा विक्रेता शोधा. युरोपला माल पाठवायचा विचार असेल तर तिथला सायबर रेझिलियन्स कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होतो. अपडेटची सोय नसलेलं उपकरण त्या कसोटीला उतरणं अवघड आहे.

परवाने आणि तुमचे हक्क

‘फुकट मिळालेलं टूलकिट वापरून वस्तू विकली तर कुणी दावा करेल का?’ विकता येते, अटी पाळून.

- आयडीएफ आणि झेफर अपाचे परवान्यावर आहेत, मायक्रोपायथॉन एमआयटी परवान्यावर. स्वतःचा कोड उघड करावा लागत नाही. मूळ परवान्याचा मजकूर उत्पादनाबरोबर द्या.
- आर्डुइनोचा गाभा एलजीपीएल परवान्यावर आहे. तुमचा स्रोत द्यावा लागत नाही, पण गिऱ्हाइकाला नव्या गाभ्याशी फर्मवेअर पुन्हा जोडता यावं म्हणून ऑब्जेक्ट फाइली उपलब्ध कराव्या लागतात. विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.
- टास्मोटा जीपीएलवर आहे. ते घालून उपकरण विकलंत तर त्याचा, तुमच्या बदलांसह, स्रोत मागणाऱ्या गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. आणि असं उपकरण तुम्ही विकत घेतलं असेल तर तो मागण्याचा हक्क तुमचा आहे.
- प्रत्येक लायब्ररीचा परवाना वेगळा असू शकतो. यादी करा.

आता ज्यांनी फर्मवेअर बाहेरून लिहून घेतलंय त्यांच्यासाठी. पूर्ण पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असं बहुतेक लघुउद्योजक धरून चालतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तसं होत नाही. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. कंत्राटावर लिहिणाऱ्याचा कोड मात्र लेखी हस्तांतरण होईपर्यंत त्याचाच राहतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही स्पष्ट लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी पुढच्या वस्तू ताब्यात घ्या:

1. पूर्ण स्रोत, टूलकिटच्या आणि लायब्ररींच्या आवृत्त्यांसह.
2. नव्या लॅपटॉपवर तो कसा बांधायचा याची लेखी कृती. ती डेव्हलपरसमोर, तुमच्या माणसाने, त्याला काही न विचारता एकदा करून पाहावी.
3. सर्व्हर, डोमेन आणि क्लाउड खात्यांचे अधिकार, तुमच्या नावावर.
4. फर्मवेअरवर सही करण्याची की.

यातल्या शेवटच्या वस्तूकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. सिक्युअर बूट चालू केलं की चिपमधले ई-फ्यूज कायमचे जळतात, ते परत येत नाहीत. त्यानंतर त्याच कीने सही केलेलं फर्मवेअरच उपकरण स्वीकारतं. की हरवली किंवा डेव्हलपर ती घेऊन दुसऱ्या नोकरीला गेला, तर शेतात बसलेल्या शेकडो उपकरणांना पुन्हा कधीच अपडेट देता येणार नाही. तेव्हा आधी एका टाकाऊ बोर्डावर सगळी प्रक्रिया करून पाहा, मगच ती उत्पादनाला लावा. कीच्या दोन प्रती वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर काढा, एक कार्यालयात कुलपात आणि दुसरी वेगळ्या इमारतीत ठेवा, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून त्यांनी चाचणी फर्मवेअरवर सही होते का, ते पाहा.